मी नुसतं म्हणालो होतो

मंगळवारी पाणी आलं नाही, बुधवारीही नाही. गुरुवारी टँकरच्या रांगेत बादली घेऊन उभा होतो, तेवढ्यात एका पोरसवदा वार्ताहराने विचारलं, ‘‘काका, किती दिवस झाले?’’ मी म्हणालो, ‘‘तीन. कधी येणार ते विचारून बघा ना जरा.’’ एवढंच.

शुक्रवारी पुरवणीत मथळा: ‘पाणी कधी येणार? नागरिकाचा संतप्त सवाल, प्रशासनाला ठणकावले.’ खाली माझा फोटो. फोटोत मी बादली धरून हसतोय. आडनावातलं एक अक्षर गाळलंय, बहुधा ‘ठणकावले’ला जागा पुरावी म्हणून.

शनिवारी केस कापायला गेलो, तर शेजारच्या खुर्चीवर अर्ध्या गालाला फेस लावलेले एक काका नेमकं तेच पान उघडून बसलेले. एकदा फोटोकडे, एकदा आरशातल्या माझ्याकडे.

‘‘ठणकावणारे ते तुम्हीच ना?’’

‘‘अहो, मी नुसतं म्हणालो होतो.’’

‘‘छे! ‘म्हणालो’ला फोटो देतं का कोणी?’’

काका तीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवत होते. त्यांनी वस्तरा थांबवला, म्हणजे हाताने सलूनवाल्या पोराचं मनगट धरलं, आणि मला शिकवायला घेतलं.

‘‘हे बघा, मंत्री असला की तो प्रतिपादन करतो. अध्यक्ष विशद करतो. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काहीच नसतं तो मार्गदर्शन करतो. विरोधी पक्षवाला घणाघात करतो, त्यावर समोरचा टोला लगावतो. दोघं एकाच लग्नात भेटले तर कोपरखळी.’’

‘‘आणि म्हणतो कोण?’’

‘‘म्हणायचं घरी.’’

‘‘पण काका, मी खरंच आवाजसुद्धा चढवला नव्हता.’’

‘‘तुम्ही काय केलंत त्याला महत्त्व नाही. ओळ भरली पाहिजे. आमच्या वेळी ओळीला जागा उरली की आम्ही ‘म्हणाले’ काढून ‘असे मत व्यक्त केले’ बसवायचो. टच्च! कुणाची तक्रार नाही आली कधी.’’

फेस एव्हाना वाळून पापुद्रे सुटायला लागले होते. पोराचं मनगट अजून त्यांच्याच हातात.

मला राहून राहून वाटतं, तुकोबांचं एका ‘म्हणे’वर आयुष्यभर भागलं. मोजून पैजारा मारायला सांगतानाही ‘तुका म्हणे’च. आज छापायचं तर ‘तुकोबांनी सुनावले खडे बोल’ असं होईल. 1897 साली टिळकांनी ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असा मथळा दिला. क्रियापद कोणतं, तर ‘आहे’. सरकारला झोंबायला तेवढं पुरलं. आणि ‘तो म्हणे दुबईला गेला’ यातलं, ऐकीव गोष्टीची जबाबदारी अंगाला लावून न घेणारं ते नाजूक ‘म्हणे’! ज्याची गरज वर्तमानपत्राला सर्वात जास्त, तेच तिथे सापडत नाही.

असो. ठणकावल्याचे परिणाम मात्र मी भोगतोय. सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये मला बघून जिन्याने जातात. टँकरवाला म्हणाला, ‘‘आता पेपरवाल्यांकडूनच घ्या पाणी.’’ बायको म्हणाली, ‘‘घरात तर कधी ठणकावलं नाहीस.’’ तिच्या सुरात कौतुक होतं की आव्हान, ते मी विचारलं नाही.

वार्ताहराला फोन केला. ‘‘काका, ‘म्हणाले’ लिहिलं तर बातमी लागत नाही,’’ तो म्हणाला. बरोबर असेल त्याचं. पण ती बातमी मी चार वेळा वाचली. आठ ओळींत मी संतप्त आहे, उद्विग्न आहे, हवालदिल आहे. पाणी का गेलं, व्हॉल्व्ह कुणी बंद केला, कधी येणार, यावर अर्धी ओळ नाही. शेवटी फक्त ‘लवकरच योग्य ती कार्यवाही करण्यात येईल, असे सांगण्यात आले.’ करणारा कोण? सांगणारा कोण? माझ्या वाट्याला ठणकावणं, त्यांच्या वाट्याला ‘करण्यात येईल’. माझा फोटो, त्यांचा कर्तासुद्धा नाही! याचा मला राग आला होता, खराखुरा, आणि तो कुठल्याही पुरवणीत आलेला नाही.

काकांनी अखेर मनगट सोडलं. ‘‘आधी जरा ओला कर रे गाल,’’ ते पोराला म्हणाले. पोराने स्प्रेची बाटली उचलली, दोनदा दाबली. नुसतीच फुस्स हवा.

‘‘पाणी नाही,’’ तो म्हणाला.