मुकी नायिका
संगीतकार द्वोर्झाकच्या 'रुसाल्का' या ऑपेरावरच्या लेखात सगळा भर नायिकेच्या चंद्राला उद्देशून असलेल्या गाण्यावर दिलाय, ते सुंदर आहेच, पण हा ऑपेरा मला खरा भिडतो तो दुसऱ्या अंकात. रुसाल्का ही जलपरी, माणूस व्हायचं म्हणून तिने येझिबाबा चेटकिणीला आवाजच देऊन टाकलेला, त्यामुळे राजपुत्रासमोर ती मुकी आणि ऑपेराची नायिकाच गप्प उभी म्हणजे बघा केवढं धाडस! तो परक्या राजकन्येकडे वळतो तरी हिला एक शब्द काढता येत नाही, बोलतो तो फक्त ऑर्केस्ट्रा. मग पाण्यातून वोदनिक, म्हणजे जलपुरुष, वर येतो, तिच्यासाठी हळहळत गातो आणि त्याच्यापाशीच तिचा आवाज फुटतो, तिथे मला दरवेळी रडू येतं. १९०१ मध्ये प्रागला पहिला प्रयोग झाला, क्वापिलचे शब्द चेक आहेत, प्लीज चेकमध्येच ऐका, सबटायटल लावून.