चौकट न वाचता ओके दाबण्याची कला

सर्वात आधी तुमचं अभिनंदन. विंडोजचा मॅनेजमेंट कन्सोल (एमएमसी), म्हणजे काँप्युटरची देखभाल करायची साधनं एकत्र मांडायची खिडकी, उघडून त्यात काही जोडायला जाणारी माणसं आता फार उरलेली नाहीत. बाकीचे सेटिंग्जमध्ये जाऊन वॉलपेपर बदलतात आणि घरी जातात. तुम्ही मात्र रनमध्ये एमएमसी टाइप केलंत, 'या ॲपला बदल करू द्यायचे का' या प्रश्नाला न वाचता होकार दिलात, समोर उघडलेल्या ओसाड खिडकीकडे क्षणभर बघत राहिलात, मग कंट्रोल आणि एम दाबून डावीकडच्या यादीतलं एका 'स्नॅप-इन'चं, म्हणजे कन्सोलला जोडायच्या साधनाचं, नाव उजवीकडे ढकललंत आणि ओके केलंत. खिडकी पांढरी पडली. वरच्या पट्टीत 'नॉट रिस्पॉन्डिंग' आलं. मग एक चौकट आली. मग काहीच राहिलं नाही.

इथून पुढं काय करायचं हे सांगणारे लोक भरपूर आहेत आणि दुर्दैवानं त्यातले काही बरोबर सांगतात. त्यांच्या नादी लागलात तर अर्ध्या तासात कन्सोल सुरू होईल आणि 'सिस्टीम बंद आहे' या सबबीवर मिळणारी निवांत दुपार हातची जाईल. तेव्हा माझं ऐका.

ती चौकट वाचायची नाही. हा पाया आहे. 'एका स्नॅप-इनमध्ये चूक सापडली आहे, तो उतरवत आहोत' असं काहीतरी तिच्यात लिहिलेलं असतं आणि खाली दोन पर्याय असतात: कंपनीला कळवून कन्सोल बंद करा, किंवा तेवढा स्नॅप-इन उतरवून काम चालू ठेवा. दुसरा पर्याय निवडला तर पुष्कळदा पुढं तपशील येतो, म्हणजे कुठला स्नॅप-इन, कुठली चूक, महिरपी कंसातला लांबलचक क्रमांक. एवढं वाचलं की गुन्हेगाराचं नाव कळतं, आणि नाव कळलं की चर्चेतली मजा संपते. म्हणून मोबाइल काढा, मॉनिटरचा फोटो घ्या, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बरोबर त्या नावावर पडेल असा कोन साधा आणि ग्रुपवर टाका. खाली लिहा, 'सर, एरर येतोय.' कुठला, ते लिहू नका. सरांनाही काम हवं.

आता हा कन्सोल म्हणजे नक्की काय, हे थोडक्यात सांगतो. वाचून लगेच विसरा. हे एक मंगल कार्यालय आहे. हॉल, स्टेज, पंखे, 'पादत्राणे बाहेर ठेवावीत' ही पाटी, एवढंच त्याचं स्वतःचं. जेवण केटररचं, सजावट फुलवाल्याची, सनई सनईवाल्याची. १९९० च्या दशकाच्या शेवटी मायक्रोसॉफ्टनं एनटी ४.० च्या काळात हे कार्यालय बांधलं, कारण तोवर सर्व्हरच्या प्रत्येक कामाची वेगळी खिडकी असायची आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. कन्सोलला स्वतःला काहीही येत नाही. डिस्कचे भाग पाडणं, सर्व्हिस बंद-चालू करणं, सर्टिफिकेट बघणं, डिव्हाइसचा ड्रायव्हर बदलणं, हे सगळं बाहेरून येणारे स्नॅप-इन करतात. नुसता एमएमसी उघडला की दिसतो तो पंगत बसायच्या आधीचा हॉल.

यातली खरी गंमत अशी की हे सगळे कंत्राटदार एकाच स्वयंपाकघरात उभे असतात. बहुतेक स्नॅप-इन म्हणजे डीएलएल फायली (दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत चालणारे कोडचे तुकडे), आणि त्या कन्सोलच्याच प्रोसेसमध्ये, त्याच्याच मेमरीत चालतात. एका केटररनं कढई उपडी केली की फुलवाल्याचेही पाय भाजतात. विंडोजबरोबर आलेले स्नॅप-इन निदान घरचे. पण जुनं बॅकअप सॉफ्टवेअर, अँटिव्हायरस, डेटाबेस असे पाहुणेही आपापले स्नॅप-इन घेऊन येतात, आणि 'बाहेरचा केटरर चालणार नाही' ही पाटी लावायचं या कार्यालयाला कधी सुचलेलं नाही.

डावीकडे दिसणारी यादीही समजून घेतली पाहिजे, म्हणजे तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येईल. ती रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतून, येते. तिथं नोंद आहे म्हणजे सॉफ्टवेअर हयात आहे असं नव्हे. आपल्या मतदारयादीत वारलेले आजोबा जसे प्रत्येक निवडणुकीला ताजेतवाने असतात, तसंच. सॉफ्टवेअर जातं, नाव राहतं. ते नाव जोडायला गेलात की 'स्नॅप-इन तयार करता आला नाही, तो नीट इन्स्टॉल झालेला नसावा' असा निरोप मिळतो. या निरोपाचा सरळ अर्थ 'ते सॉफ्टवेअर पुन्हा टाका किंवा पूर्ण काढा' असा आहे. तुम्ही तो 'विंडोज गेलं' असा घ्या.

मग रीस्टार्ट मारा. एकदा मारून भागत नाही. तीनदा मारा, मधे एकदा मागची वायर काढून फुंकर घाला. एखाद्या वेळी त्यानंतर कन्सोल खरंच चालतो, आणि मग ती फुंकर आयुष्यभर पुरते.

एकच स्नॅप-इन जोडून बघायचा, चालला की पुढचा, असला संथपणा करू नका. दहाच्या दहा एकदम उजवीकडे घ्या आणि ओके करा. कोसळला की पुन्हा तेच दहा. 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' किंवा 'डेव्हएमजीएमटी डॉट एमएससी' (एमएससी म्हणजे कन्सोलची तयार मांडणी साठवलेली फाइल) असं थेट टाइप करून एकेक साधन स्वतंत्र उघडता येतं, आणि जे उघडतं ते निर्दोष हे दोन मिनिटांत कळतं. म्हणूनच तसं करायचं नाही. आणि मधेच चुकून मांडणी जमलीच तर ती सेव्ह करू नका. पुन्हा कोसळल्यावर सगळं पहिल्यापासून जोडायला मिळालं पाहिजे.

'एसएफसी स्कॅननाऊ' ही आज्ञा मात्र जरूर द्या. सर्दी, पडसं, मुरगळा, परीक्षेत नापास, सगळ्यावर हळदीचं दूध, तशी ही आज्ञा. टक्केवारी वर सरकताना बघून मनाला बरं वाटतं. ती फक्त विंडोजच्या स्वतःच्या संरक्षित फायली तपासते. पाहुण्यांचं सामान उघडून बघत नाही. त्यामुळे दोष बाहेरच्या स्नॅप-इनमध्ये असेल तर ती 'सगळं ठीक आहे' असं सांगणार आणि ते खरंही असणार. शिवाय फाइल खराब निघालीच तर चांगली प्रत ती विंडोजच्या साठ्यातून आणते. साठाच नासला असेल तर आधी 'डिझम' ही दुसरी आज्ञा चालवून तो दुरुस्त करावा लागतो. हा क्रम उलटा करण्याची आपल्याकडे परंपरा आहे. ती मोडू नका.

इथं एक धोका आहे. कुणीतरी शहाणा येईल आणि म्हणेल, 'इव्हेंट व्ह्यूअर बघितलास का?' त्याला चहाला न्या. कारण विंडोजच्या घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या त्या साधनात, विंडोज लॉग्जमध्ये ॲप्लिकेशन या विभागात, १००० क्रमांकाच्या नोंदीत, कुठला प्रोग्रॅम पडला आणि कुठल्या मॉड्यूलमुळे (आतल्या कुठल्या फायलीमुळे) पडला ते लिहिलेलं असतं. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या सॉफ्टवेअर-पायावर बांधलेला स्नॅप-इन असेल तर १०२६ क्रमांकाची नोंदही सापडते आणि तिच्यात पडापडीची अख्खी वंशावळ असते. कधीकधी मॉड्यूलच्या जागी 'एनटीडीएलएल' हे विंडोजचंच नाव दिसतं. तो भांडण कुठं झालं याचा पत्ता असतो, सुरू कुणी केलं याचा नव्हे. पण तुम्हाला ही बारीकसारीक फोड कशाला? विंडोजचं नाव दिसलं ना? लिहा अहवाल.

इव्हेंट व्ह्यूअर टाळायला एक भक्कम ऐतिहासिक आधारही आहे. तो स्वतःच एक स्नॅप-इन आहे. ११ जून २०१९ ला विंडोजचे मासिक अपडेट आले आणि जगभरच्या लोकांनी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये आपले कस्टम व्ह्यू (स्वतः गाळून घेतलेल्या नोंदींच्या याद्या) उघडायला घेतले, तर तीच चौकट: स्नॅप-इनमध्ये चूक सापडली, उतरवत आहोत. चुका बघायचं साधन चूक दाखवून उतरायला लागलं. पोलीस चौकीतूनच सायकल चोरीला गेली तर तक्रार कुठं लिहायची, असा तो प्रसंग. दुरुस्ती त्याच महिन्यात पुढच्या अपडेटांमधून यायला लागली. ज्यांना धीर नव्हता ते पॉवरशेलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, नोंदी वाचत बसले. आजही इव्हेंट व्ह्यूअर कोसळत असेल तर त्याच नोंदी पॉवरशेलच्या 'गेट-विनइव्हेंट'नं वाचता येतात, आणि रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये कुठल्या दिवशी काय पडलं ते लाल फुल्यांनी दाखवलेलं असतं. हे कुणाला सांगू नका.

आता सगळ्यात आवडता भाग. त्याच पीसीवर शेजारच्यानं स्वतःच्या लॉगिननं कन्सोल उघडला आणि तो सुरळीत चालला. तुमच्या लॉगिनमध्ये पडतो. यावरून काय निष्कर्ष काढाल? साडेसाती. दुसरा निष्कर्ष फार रुक्ष आहे: प्रत्येक माणसाची कन्सोलची मांडणी त्याच्या स्वतःच्या ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरात, मायक्रोसॉफ्ट या फोल्डरातल्या एमएमसी नावाच्या पोटफोल्डरात साठते, आणि तिथली एखादी फाइल खराब झाली की त्या एकाच माणसाचा कन्सोल उघडता उघडता पडतो. त्या फोल्डरचं नाव बदललं की कन्सोल नवी, कोरी फाइल करून घेतो. काम एवढंच. पण त्यात ना ग्रह आहेत ना शांत. शिवाय शेजाऱ्याचा चालतो आणि माझा नाही, हे दुःख वर्षानुवर्षं जपण्यासारखं आहे.

बत्तीस आणि चौसष्ट बिटांचा घोळही असतो. जुना स्नॅप-इन बत्तीसचा असेल तर चौसष्टच्या कन्सोलला तो यादीत दिसतच नाही. एमएमसीपुढं तिरकी रेघ देऊन ३२ लिहिलं की दिसतो. लिहू नका, 'सॉफ्टवेअर गायब झालं' म्हणा.

हवी ती डीएलएल फुकट देणाऱ्या साइट असतात, तिथं जरूर जा. 'डाउनलोड' अशी पाच हिरवी बटणं असतील, त्यातलं सगळ्यात मोठं दाबा. कुणा अनोळखी माणसानं 'माझा कन्सोल मस्त चालतो, हा घ्या' म्हणून एमएससी फाइल पाठवली तर मोकळ्या मनानं उघडा. अशा फायलींतून २०२४ मध्ये मालवेअर पसरवलं गेलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अपडेटनं अविश्वासू एमएससी फायली उघडण्यावर बंदी घातली, पण पाठवणाऱ्याचं मन मोडायचं का?

आणि मग फॉरमॅट. फॉरमॅटचं माहात्म्य मी आमच्याच ऑफिसात पाहिलं आहे. अकाउंट्सच्या मॅडमच्या पीसीवर कन्सोलमध्ये काहीही जोडायला गेलं की तो पडायचा. साहेब म्हणाले व्हायरस, सिस्टीमचा पोरगा म्हणाला रॅम, मी म्हणालो विंडोज. मॅडम म्हणाल्या, 'अहो, ते बॅकअपवालं फोल्डर मी उडवलं, त्या दिवसापासून होतंय.' बायकांच्या बोलण्याकडे लक्ष न देण्याची आमच्याकडे पद्धत असल्यामुळे आम्ही तिघंही पुढं बोलत राहिलो.

खरी हकिगत नंतर कळली. सी ड्राइव्ह भरला होता, सहलीचे फोटो मावत नव्हते. मॅडमनी अनइन्स्टॉल वगैरे न करता प्रोग्रॅम फाइल्समधून जुन्या बॅकअप सॉफ्टवेअरचं फोल्डर थेट डिलीट केलं. निम्मं गेलं. उरलेल्या फायलींबद्दल 'वापरात आहे' असं उत्तर आलं, त्यांनी 'स्किप' दाबलं. म्हणजे केटरर उभा, पण त्याच्या हाताखालची माणसं, शेगडी आणि तेल तिघंही गायब. रजिस्ट्रीत नाव शाबूत. काँप्युटर मॅनेजमेंट असो वा कोरा कन्सोल, यादी भरली की तो हजर, आणि हजर झाला की कढई उपडी. १००० क्रमांकाच्या प्रत्येक नोंदीत त्याच्याच डीएलएलचं नाव होतं. पहिल्या दिवसापासून. पोरगा ते बघायला निघाला होता, पण तेवढ्यात मीच त्याला चहाला नेलं.

शेवटी आम्ही फॉरमॅट मारला. मॅडमची एक्सेलमधली दोन वर्षांची कामं आधी पेनड्राइव्हवर घेतली, सहलीचे फोटो घ्यायचे राहिले. नवं विंडोज, नवे ड्रायव्हर, प्रिंटर तिसऱ्या प्रयत्नात लागला. संध्याकाळी सगळे मॉनिटरभोवती जमले. एमएमसी उघडला, कंट्रोल-एम, चार स्नॅप-इन जोडले, ओके. कन्सोल हलला नाही. साहेबांनी पेढे मागवले.

पेढा खाता खाता साहेब म्हणाले, 'आता ते बॅकअपचं सॉफ्टवेअरही टाकून ठेवा, ऑडिटला दाखवावं लागतं.' पोरानं कपाटातली जुनी सीडी काढली, शर्टाला पुसली. इन्स्टॉल होताना मधे एक चौकट आली, या विंडोजसाठी ही आवृत्ती योग्य नाही वगैरे काहीतरी असावं.

त्यानं ओके दाबलं.