बापाला रजा मिळायला बायको अंथरुणालाच खिळायला हवी का?

राज्य सरकारचा २३ जुलै २०१८ चा बालसंगोपन रजेचा शासन निर्णय एकदा काढून नीट वाचा. महिला कर्मचाऱ्याला मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत, संपूर्ण सेवेत मिळून १८० दिवस रजा. चांगलीच गोष्ट आहे. पुरुषालाही ही रजा मिळते, पण कधी? पत्नी हयात नसेल तर, किंवा असाध्य आजारानं अंथरुणाला खिळली असेल तर. आई धडधाकट असेल तोवर मूल सांभाळणं हे बापाचं काम नाही, असं सरकारनंच लिहून दिलंय.

मी आस्थापना शाखेत आहे, रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून जातात. बायकोच्या बाळंतपणासाठी अर्जित रजा टाकणारी तरुण पोरं कारणाच्या रकान्यात ‘घरगुती कामासाठी’ लिहितात. खरं कारण लिहिलं की साहेब विचारतात, “सासूबाई नाहीत का घरी?” बदलीच्या गावी, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात सासूबाई कुठून आणायच्या?

केंद्राच्या कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना उठू देऊ नये म्हणतात. हे पंधरा दिवस त्याच्या निम्मेही भरत नाहीत. शिवाय ती रजा मूल जन्मल्यापासून सहा महिन्यांच्या आतच घ्यावी लागते, आणि माझा खरा आक्षेप इथंच आहे.

कारण घराची सर्वात मोठी तारांबळ सातव्या महिन्यात उडते. आईची १८० दिवसांची प्रसूती रजा संपते. बाळाला नुकती नाचणीची पेज सुरू झालेली असते, ते बाटली तोंडात धरत नाही, पाळणाघरात रडून रडून घसा बसतो. आणि आई सकाळच्या एसटीनं तालुक्याला निघालेली असते. त्या दिवशी घरात बाप हवा. पण नेमकी तेव्हा त्याची मुदत संपलेली असते. आईची रजा संपेल त्या दिवसापासून बापाची सुरू व्हावी, निदान एक महिना. सिक्कीमच्या मुख्यमंत्र्यांनी २०२३ मध्ये बापांसाठी महिनाभराची रजा जाहीर केलीच होती. आपण एवढं मोठं राज्य, आपल्याला का जमू नये?

“पुरुष रजा घेऊन घरी झोपा काढतील,” असं मला बायकाच सांगतात. काही काढतीलही. पण बायको ऑफिसात आणि सात महिन्यांचं भुकेलं पोर घरात असताना किती वेळ झोप लागेल? एकट्यानं सांभाळल्याशिवाय कुणालाच मूल सांभाळता येत नाही, आईलासुद्धा.

बालसंगोपन रजा फक्त बायकांच्या नावावर ठेवल्याचा भुर्दंडही बायकाच भरतात. मुलाचा डेंग्यू, मुलीची दहावी, शाळेतून आलेला फोन, सगळं आईच्या रजेच्या हिशेबात. मग मार्चअखेरीला ऐकू येतं, “मॅडम काय, रजेवरच असतात.” महत्त्वाचं टेबल देताना साहेब हेच आठवतात. केंद्रात तर ही रजा ७३० दिवसांची आहे, आणि तिथंही पुरुषाला मिळते ती तो एकल पालक असेल तरच. दिवस वाढले, विचार तोच राहिला.

कंत्राटी भगिनींचं तर विचारूच नका. कंत्राटाची मुदत संपली तरी प्रसूतीचा लाभ द्यावाच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात सांगितलं. किती कार्यालयांत तो निकाल कुणी वाचलाय?

मला सरकारइतकंच आपल्या संघटनांनाही विचारायचंय. जुनी पेन्शन, महागाई भत्ता यासाठी आपण रस्त्यावर उतरतो, मीही उतरले आहे. पुढच्या मागणीपत्रात त्याच पानावर हेही लिहा: २०१८ च्या निर्णयातली पुरुषांसाठीची ती अट काढून टाका, आणि आई कामावर रुजू होईल त्या दिवसापासून बापाला एक महिन्याची भरपगारी रजा द्या. आणि हा मुद्दा मांडायला महिला आघाडीला पुढे करू नका. पुरुष पदाधिकाऱ्यांनी स्वतः मांडावा.