डाग गिअर बॉक्सखाली, गळती भलतीकडेच

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. जुन्या गाडीत इंजिन आणि गिअर बॉक्सच्या सांध्यातून ऑईल टपकलं की मागचं क्रँक सील (इंजिनाचा फिरता दांडा गिअर बॉक्सकडे बाहेर पडतो तिथं ऑईल अडवणारी रबरी रिंग) गेलंच समजा. खान्देशातल्या ४५ अंशांत ऑईल पातळ होऊन गळतं, म्हणून जाड ऑईल टाका. तरी नाही थांबलं तर गळती बंद करणारी बाटली ओता, टॅपेट कव्हरचे (इंजिनावरच्या झाकणाचे) बोल्ट कचकून आवळा. मला तो चौघांनी पाठवला. आमच्या दारातल्या फरशीवरचा डाग गल्लीभर माहीत आहे, त्याला काय करणार!

आधी सील. ऑईल जिथं टपकतं तिथूनच निघतं, हे धरून चालणंच चूक. ते वर कुठंतरी सुटतं, ब्लॉकवरून ओघळतं, चालत्या गाडीत वाऱ्यानं मागं पसरतं आणि सगळ्यात खालच्या कडेला थेंब धरतं. ही कड बहुतेकदा चेंबरची (इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीची) नाहीतर त्या सांध्याचीच असते. माझ्या गाडीचं बॉनेट उघडून फिटर म्हणाला, “काय व्हयनं भाऊ? बठ्ठं इंजिन तेलकट व्हई गयं!” पण पान्याला हात न लावता त्यानं ब्रश आणि डिझेल घेतलं. थंड इंजिन धुतलं, फडक्यानं खडखडीत कोरडं केलं आणि संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरली. मग पारोळा रोडला दहा-पंधरा किलोमीटर चक्कर. परत आलो तर खालचा सांधा कोरडा, आणि वर प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी पांढऱ्या पावडरीत एक ओली तपकिरी रेघ. मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) टोकाला, गिअर बॉक्सच्या बाजूलाच बसतो. तिथलं ऑईल खाली उतरलं की थेट सांध्यावर. माझ्या डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग, म्हणजे ऑईल अडवणारी रबरी कडी, इतक्या वर्षांच्या तापानं कडक झालेली, वाकवली तर काचेच्या बांगडीसारखी मोडली. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) हलू नये म्हणून आधी खूण केली, रिंग बदलली, अर्ध्या तासात काम संपलं. सीलच्या नादी लागलो असतो तर गिअर बॉक्स उतरला असता आणि डाग तसाच राहिला असता.

म्हणजे बघायची ती सगळ्यात वरची ओली जागा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑईल प्रेशर स्विच, ड्रेन बोल्टचा वायसर. फिल्टर बदलताना जुनी रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहते आणि नवी तिच्यावर बसते, तेही पाहा.

उन्हाचं म्हणाल तर गरम इंजिनातलं ऑईल ९०-१०० अंशांच्या आसपास असतं, मग तुम्ही मे महिन्यात भुसावळला असा की डिसेंबरात तोरणमाळला. ऊन रबर लवकर म्हातारं करतं हे खरं, पण त्याला जाड ऑईल हा इलाज नव्हे. गळती जरा मंदावेल इतकंच. उलट सकाळी गाडी सुरू केल्यावर ते वरपर्यंत पोचायला वेळ घेईल. गाडीच्या पुस्तकात दिलेला ग्रेडच बरा.

बाटलीतलं औषध रबर फुगवतं. चिरलेलं सील किंवा कॉर्कचं पॅकिंग त्यानं बरं होत नाही. आणि बोल्ट कचकून आवळल्यावर कॉर्क चेपतो, पत्र्याचं कव्हर वाकतं, मग नवं पॅकिंगही बसत नाही.

मेसेजात ब्रीदरचा, म्हणजे इंजिनात साचणारे वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेचा, शब्दही नाही, याचं मला जास्त नवल वाटलं. ब्रीदरचा पाईप काजळीनं तुंबला किंवा पिस्टन रिंगा झिजल्या की चेंबरमध्ये दाब साचतो आणि सापडेल त्या सीलमधून ऑईल बाहेर ढकलतो. अशा गाडीला नवं सील बसवलं तरी तेही गळणार. पाईप काढून साफ करायला फुकटात दहा मिनिटं लागतात.

क्रँक सील कधीच जात नाही, असं मी म्हणत नाही. वरचं सगळं कोरडं असून सांध्यातूनच ऑईल पाझरत असेल तर गिअर बॉक्स उतरवावाच लागतो. तेव्हा क्लच प्लेटही काढून बघा, तिला ऑईल लागलेलं असू शकतं.