फोन वापरणार कोण, ते आधी विचारा

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ पुढे जा, राग नाही.

दुपारी ऑफिसमध्ये सगळ्यांचा एक फोटो काढला. काढला आमच्याकडे नवीनच आलेल्या एका मुलीने, तिच्या फोनवर. ती बिचारी विचारतेय की सगळ्यांना कसा पाठवू, तर आमच्यातलाच एक जण सगळ्यांदेखत म्हणतो, "अगं तुझा अँड्रॉइड ना, मग राहू दे, एअरड्रॉप नाही होणार. आता पगार झाला की एक नीट फोन घेऊन टाक." नीट फोन! म्हणजे आयफोन; एअरड्रॉप ही ॲपलची जवळच्या जवळ फोटो पाठवायची सोय. दोघंतिघं हसले. तीही हसली, पण फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि जेवण होईपर्यंत परत हातात घेतला नाही. मी तिथेच बोलले त्याला, पण मन काही शांत होईना म्हणून इथे लिहितेय.

माणूस कुठला फोन वापरतो यावरून त्याची लायकी ठरवायची ही घाण सवय आपल्यात कधी आली? आणि ही एकाच बाजूने नाही हां. "आयफोनवाले नुसते दिखाऊ, लोगोसाठी पैसे उडवतात" म्हणणारेही मला तितकेच डोक्यात जातात. दोन्हीकडच्यांना वाटतं आपण वापरतो तोच शहाण्याचा फोन, बाकीच्यांना अक्कल नाही. ज्याच्या हातात तो फोन सकाळपासून रात्रीपर्यंत असणार आहे त्याला कुणी काही विचारतच नाही.

मला लगेच मावशी आठवली. घरच्यांना हा किस्सा माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते.

मावशी सत्तरीला आली. काका गेल्यापासून एकटीच असते, आणि फोन म्हणजे तिचं अर्धं जग. भजनाच्या मैत्रिणींचा ग्रुप, आमचा घरचा ग्रुप, नातवंडांचे फोटो, रात्री झोप नाही आली की जुनी गाणी. टाइप करायला आवडत नाही म्हणून सगळं बोलून पाठवते. तिच्याकडे साधा अँड्रॉइड होता, कित्येक वर्षं वापरलेला, आणि त्यावर तिचा हात असा बसलेला की चष्मा नसतानाही फोन लावायची. मावसभाऊ लांब असतो. तो आला, आईचा फोन जुना झाला म्हणून नवाकोरा आयफोन घेऊन आला, एका संध्याकाळी बसून सगळं सेट करून दिलं आणि परत गेला. अतिशय प्रेमाने केलं त्याने हे, त्यात शंकाच नाही.

त्यानंतर मावशी ग्रुपवरून गायबच झाली. आवाज नाही, फोटो नाही, काही नाही. आधी वाटलं तब्येत बरी नसेल, मग मी गेले तिच्याकडे. तर ही सोफ्यावर फोन घेऊन बसलेली आणि अंगठ्याने काचेच्या खालच्या कोपऱ्यात दाबतेय, परत परत, एकाच जागी. तिच्या जुन्या फोनवर मागे जायचं बटण तिथे होतं. म्हणाली, "अगं, याच्यातून बाहेर कसं पडायचं तेच कळत नाही." कुणाचा तरी फोटो मोठा करून बघितला होता, तो जाईना. मग ती काय करायची, बाजूचं बटण दाबून स्क्रीनच बंद करायची. थोड्या वेळाने परत चालू केली की पुन्हा तोच फोटो. असं करून करून शेवटी तिने फोन हातात घेणंच कमी केलं होतं.

आता म्हणाल की शिकवायचं ना तिला. हो, आयफोनवर डावीकडच्या कडेवरून बोट सरकवलं की बऱ्याच ॲपमध्ये मागे जाता येतं. पण बऱ्याच, सगळ्या नाही. कुठे वर डाव्या कोपऱ्यात बाण असतो, कुठे फुली असते, कुठे खाली ओढायचं असतं. ज्याने पहिल्यापासून तेच वापरलंय त्याला यात काही अवघड वाटत नाही, त्याचं बोट आपोआप जातं. अँड्रॉइडवर मात्र मागे जायचं बटण पहिल्यापासून आहे, ॲप कुठलंही असो, जागा एकच, आणि आता बोट सरकवायची पद्धत आली तरी सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीनच्या खालची ती जुनी तीन बटणं परत आणता येतात. मावशीसाठी ते एक बटण म्हणजे धीर होता. काही चुकलं तर मागे येता येईल हा धीर. तो गेला आणि ती घाबरली, इतकंच झालं. यात आयफोन वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये!

आणि हे अँड्रॉइडमधल्या अँड्रॉइडमध्येही होतं बरं का. सॅमसंगवर ते मागे जायचं बटण उजवीकडे असतं, गूगलच्या पिक्सेलवर डावीकडे. नाव एकच, सिस्टीम एकच, पण प्रत्येक कंपनी आपापला रंग चढवते, सेटिंगची नावं बदलते, जागा बदलते. त्यामुळे "अँड्रॉइडच घे" हा सल्लासुद्धा अर्धवट आहे, कुठल्या कंपनीचा हा प्रश्न उरतोच.

पण मावशीचं खरं दुःख बटणाचं नव्हतंच, ते तिने चहा झाल्यावर हळूच सांगितलं. काकांचे आवाज गेले म्हणाली. व्हॉट्सॲपवर काका तिला बोलून पाठवायचे, "निघालोय", "किल्ली शेजारी ठेव", "औषध घेतलंस का", असलं रोजचंच. ते सगळे मेसेज तिने जपून ठेवले होते, अधूनमधून ऐकायची. नवीन फोनवर त्यातलं काहीच नाही. आणि मुलाने इतक्या हौसेने फोन आणलाय तर त्याला कसं सांगायचं, म्हणून गप्प बसलेली.

हे ऐकून मला जे काही झालं ते सांगता येत नाही. मावसभावावर नाही चिडले मी, त्याला माहीतच नव्हतं. आणि त्याला माहीत नव्हतं कारण खोकं उघडल्यावर पहिल्या मिनिटाला हे कुणी ओरडून सांगत नाही. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप जातो गूगलच्या खात्यात, आयफोनचा जातो ॲपलच्या आयक्लाउडमध्ये, आणि एकाचा दुसऱ्याला उघडता येत नाही. २०२२ पासून अँड्रॉइडवरून आयफोनवर चॅट न्यायची अधिकृत सोय आहे, ॲपलचं 'मूव्ह टू आयओएस' नावाचं ॲप वापरून, पण ते करायचं नवीन फोन पहिल्यांदा सेट करताना. एकदा फोन सुरू करून वापरायला लागलात की मग तो पूर्ण पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. माणसाच्या आयुष्यातल्या सगळ्यात मौल्यवान गोष्टी ज्यात आहेत ते हलवायची ही अशी सोय! एवढ्या अवाढव्य कंपन्या, चेहरा बघून कुलूप उघडतात, आणि एका बाईच्या नवऱ्याचा आवाज या फोनवरून त्या फोनवर सहज नेता येत नाही? येतो, सगळं येतं त्यांना. पण गिऱ्हाईक सहज पलीकडे जाऊ नये यात दोघांचाही फायदा आहे.

आणि हे फक्त चॅटचं नाही. एका बाजूला विकत घेतलेली ॲप दुसऱ्या बाजूला चालत नाहीत, परत विकत घ्या. ॲपलचं घड्याळ आयफोनशिवाय चालत नाही, आणि सॅमसंगचं घड्याळही २०२१ पासूनचं असेल तर आयफोनला जोडता येत नाही, तेव्हा दोघेही सारखेच. फोटो गूगल फोटोजमध्ये असतील तर दोन्हीकडे ॲप आहे, पण आयक्लाउडमधले फोटो अँड्रॉइडवर बघायचे तर ब्राउझर उघडून बसा. म्हणून मी सगळ्यांना सांगते की ज्या गोष्टी जन्मभर हव्यात त्या अशा जागी ठेवा जिथे दोन्हीकडून पोचता येईल, आणि फोन बदलायच्या आधी त्या पोचल्यात का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जुना फोन लगेच देऊन टाकू नका, पुसू तर मुळीच नका.

मावशीचा जुना फोन कपाटात होता म्हणून वाचलो. चार्ज केला, सिमकार्ड परत त्यात घातलं, व्हॉट्सॲप पुन्हा चालू केलं आणि काका जागेवर होते. पहिला मेसेज लावला तेव्हा आम्ही दोघी रडलो, लपवायचं काय त्यात.

बरं, आता आयफोनच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायलाच हवं. अपडेटच्या बाबतीत वर्षानुवर्षं अँड्रॉइडवाल्या कंपन्यांनी लोकांना वाऱ्यावर सोडलं. २०१३ सालच्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्येसुद्धा सुरक्षेचं अपडेट मिळालंय. अँड्रॉइडमध्ये गूगल सिस्टीम बनवणार, मग चिप बनवणारी कंपनी, मग फोनवाली कंपनी आपापले बदल करणार, तोवर गिऱ्हाईक वाट बघत बसणार. आता गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचा शब्द दिलाय, पण स्वस्तातल्या बऱ्याच फोनच्या नशिबी ते नाही. त्यामुळे बँकेचे व्यवहार फोनवर करणार असाल तर अपडेट किती वर्षं मिळणार ते घेण्याआधी विचारा, कॅमेरा किती मेगापिक्सेल ते नंतर. हे मी कुणालाही सांगते.

आमच्या ओळखीत एक सर आहेत, त्यांना दिसत नाही. ते आयफोन वापरतात, व्हॉइसओव्हर लावून, म्हणजे बोट जिथे फिरेल ते फोन वाचून दाखवतो. २००९ मध्ये आयफोन ३जीएसवर ही सोय आली. अँड्रॉइडवर टॉकबॅक आहे, तेही तेव्हापासूनच आहे. पण सरांची बोटं व्हॉइसओव्हरवर घडलीत. ती बोटं इतकी भराभर चालतात की डोळस माणूस बघत राहील. आता त्यांना जाऊन कुणी सांगेल का की आयफोन दिखाऊ लोकांचा फोन आहे? त्यांच्यासाठी तोच योग्य आहे, आणि अगदी त्याच कारणासाठी मावशीला अँड्रॉइड योग्य आहे. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा कितीही भारी असला तरी आपल्याला त्यातून धूसरच दिसणार ना.

आणि ज्या बाजूसाठी आपण भांडतोय त्या बाजू तरी कायमच्या आहेत का? सिंबियन सिस्टीमवाले नोकिया घेऊन मिरवणारे आठवतात? ब्लॅकबेरीवाले तर काय, बीबीएम म्हणजे त्यांची मेसेजची सोय, तिचा पिन दिला म्हणजे मोठा मान. २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टचा हात धरला तेव्हा विंडोज फोनच पुढचं भविष्य म्हणून लोक तावातावाने बोलायचे. कुठे आहे आज तो? ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनची सेवा कंपनीने ४ जानेवारी २०२२ ला बंद करून टाकली. ज्यांनी त्या फोनवरून एकमेकांना कमी लेखलं त्यांच्या हातात काय उरलं?

मग तरुण मुलं म्हणतात, अगं ताई पण मला आवडतो आयफोन, मी घेऊ नको का? घे की! तुझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींकडे तोच आहे, लॅपटॉप ॲपलचा आहे, व्हिडिओ काढायचेत, फोन घेऊन पाचसहा वर्षं बघायचं नाही, मग बिनधास्त घे. आणि ज्याला फोन आपल्या मनासारखा करून घ्यायला आवडतो, कॉम्प्युटरला वायर लावून फाइल इकडून तिकडे टाकायच्या असतात, त्याने अँड्रॉइड घ्यावा. आयफोनवर दुसऱ्या कंपनीचा कीबोर्ड टाकायची परवानगीच मुळी २०१४ मध्ये मिळाली, आणि ॲपची चिन्हं स्क्रीनवर पाहिजे तिथे मोकळी ठेवायला २०२४ उजाडावं लागलं. काहींना याने काडीचा फरक पडत नाही, काहींना पडतो. ज्याचा त्याने ठरवावा.

मला राग येतो तो दुसऱ्याचं आपण ठरवतो तेव्हा. त्यातही म्हाताऱ्या माणसांचं. त्यांना नवीन काही जमत नाही असं मी म्हणत नाहीये, मावशी जमवते, माझ्यापेक्षा जास्त चिकाटी आहे तिच्यात. पण कित्येक वर्षं एकेक गोष्ट विचारत, विसरत, परत विचारत तिने तो फोन आपलासा केला होता. ती तिची कमाई आहे, आणि ती एका संध्याकाळीत काढून घ्यायचा हक्क आपल्याला कुणी दिला, मग भेट कितीही महागाची असेना?

आणि एक गोष्ट कुणी विचारातच घेत नाही. अडलं तर मदतीला येणार कोण? मावशीच्या शेजारची कॉलेजातली मुलगी अँड्रॉइड वापरते, मी अँड्रॉइड वापरते, भजनाच्या बायका अँड्रॉइड वापरतात. आयफोन वापरणारा एकटा मावसभाऊ, आणि तो फोनवरून "आई सेटिंगमध्ये जा, खाली जा, अजून खाली" सांगणार. तिच्या समोर काय दिसतंय ते त्याला दिसत नाही. हेच जर घरात सगळे आयफोनवाले असते तर मी स्वतः तिला म्हटलं असतं, मावशी, तूही तोच घे.

शेवटी मावसभावाला मी फोन केला. आधी त्याला वाईट वाटलं, थोडा वेळ गप्प होता, आवाजांचं सांगितल्यावर तर फारच. त्याला वाटलं होतं फेसटाइमवर आईला रोज बघता येईल. मी म्हटलं, अरे व्हॉट्सॲपवर बघत होतासच की! मग त्यानेच मावशीच्या जुन्या कंपनीचा नवीन अँड्रॉइड घेऊन दिला, बटणं त्याच जागी, अक्षरं मोठी, आणि काकांचे मेसेज आधी त्यात आणून, ऐकून बघून मगच जुना फोन बाजूला ठेवला. आयफोन त्याच्या मुलीकडे गेला, ती त्याच्यावर जाम खूश आहे. फोन उत्तमच होता, फक्त चुकीच्या हातात दिला होता.

ऑफिसमधल्या त्या महाशयांना मी टॅग करत नाहीये, पण ते ही पोस्ट वाचणार आहेत हे मला माहीत आहे. उद्या तिच्याशी दोन शब्द नीट बोला. बाय द वे, तो फोटो तिने संध्याकाळी लिंक करून सगळ्यांना पाठवला, तुम्हालाही मिळालाय.

ज्यांना आईवडिलांसाठी किंवा स्वतःसाठी फोन घ्यायचाय त्यांनी खाली लिहा. आत्ता कुठला आहे, दिवसभरात त्यावर काय काय करतात, आणि अडलं की कुणाला हाक मारतात. रात्री जेवणं झाली की एकेकाला उत्तर देते. आणि ज्यांना फक्त कुठला भारी यावर भांडायचंय त्यांच्या कमेंट मी उडवणार आहे.