पेज पातळ करायला पाणी ओतू नका

बाळाचं उष्टावण झालं की घराघरात एकच सूर लागतो, "पातळ कर गं, घशात अडकेल." मग नाचणीच्या पेजेत, रव्यात, वरणात पाणी पडत राहतं. मला हे पाणी फार खटकतं. दोन-दोन वाट्या पेज संपवूनही बाळाचं वजन हलत नसेल, तर आधी वाटीत पीठ किती आहे ते बघा.

आईचं दूध पिणाऱ्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात. पुढे नऊ ते अकरा महिन्यांत ३००, वर्षानंतर ५५०. २०० मिलि पाण्यात १० ग्रॅम पीठ शिजवलं तर मिळतात जेमतेम ३५! पोटाची जागा किलोमागे ३० मिलिच्या आसपास, म्हणजे ८ किलोच्या बाळाचं पोट एवढ्यानेच जवळपास भरतं. बरं, पीठ तिप्पट घेतलं तर आकडा शंभरावर जातो, पण पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि पेजेचा गोळा होतो. आई पुन्हा पाणी ओतते.

यावरचा उपाय आपल्या बडोद्यातच अभ्यासला गेला. महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मोडाच्या धान्याच्या पिठावर काम केलं. मोड येताना धान्यात अमायलेज हे एन्झाइम तयार होतं आणि ते स्टार्च तोडतं, म्हणून घट्ट पेज पाणी न ओतताच पातळ होते.

घरी करायचं असं: वाटीभर गहू निवडून, धुऊन रात्रभर भिजवा. सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधा आणि दोन दिवस मोड येऊ द्या, मधूनमधून पाणी शिंपडा. कडकडीत वाळवा, मंद आचेवर नुसती ओल जाईपर्यंत परता, मोड चोळून पाखडा आणि दळा. खमंग, तांबूस भाजू नका. तसं भाजलं की अमायलेज मरतं आणि उरतं साधं पीठ. पावसाळ्यात आंबूस वास आला किंवा बुरशीचा ठिपका दिसला तर सगळं टाकून द्या, वरवर निवडून वापरू नका. ज्वारीचे मोड मात्र यासाठी घेऊ नका, त्यांच्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं.

३० ग्रॅम पिठाची घट्ट पेज नीट शिजवून खाली उतरवा. उकळत्या पेजेत मोडाचं पीठ घातलं तर काहीच होत नाही, बहुतेकांचं इथेच फसतं. वाफ थोडी निवली, पण पेज अजून चांगली गरम आहे, तेव्हा अर्धा चहाचा चमचा घालून ढवळत राहा. काही मिनिटांतच चमच्याला चिकटलेला गोळा सैल होऊन ओघळायला लागतो. मग एक उकळी द्या, कारण मोडांच्या ओलाव्यात जंतूही वाढलेले असतात. कोमट झाल्यावर वर थोडं साजूक तूप. वर्षाच्या आत मध अजिबात नको.

लोहाची उणीव मात्र या पिठाने भरून निघत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांमधली ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. तेव्हा पेजेत घोटलेली डाळ हवी, चालत असेल त्या घरी अंडं हवं. वर्षानंतर वरचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा, आणि बिस्किट चहात बुडवून भरवणं तर बंदच करा, चहाने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत हे पीठ आयांसमोर करून दाखवायला किती वेळ लागतो?