नव्वद युरो आणि बाबांचा ‘एम’

आज डोकं फिरलंय. पोस्ट लांबणार, आधीच सांगून ठेवते.

सकाळी एक मुलगी घरी आली. सांगलीकडची, वय बावीस, मास्टर्ससाठी इटलीत येऊन जेमतेम तीन आठवडे झालेत. ओळखीतल्या ओळखीतून माझा नंबर मिळाला म्हणाली. पोहे पुढे ठेवले तर दोन घास खाल्ले आणि रडायलाच लागली. काल बँकेत खातं उघडायला गेली होती. तिथल्या माणसाने तिचा कोदिचे फिस्काले, म्हणजे कराचा कोड, कॉम्प्युटरात घातला, दोनदा तपासला आणि सांगितलं की या कोडाचं कुणी माणूसच नाहीये.

“पण मी आहे ना, ताई,” असं ती मला सांगत होती. मला! जणू मी नाही म्हणणार होते.

कागद बघितला. साधा ए-फोर, त्यावर सोळा अक्षरं-आकडे छापलेले, ना शिक्का ना कुठल्या खात्याचं नाव. कुठून आणलास विचारलं, तर म्हणे आपल्याच एका मराठी दादाने ‘काढून दिला’. नव्वद युरो घेऊन.

नव्वद युरो. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचे.

भारतातल्या मंडळींसाठी जरा सांगते. कोदिचे फिस्काले म्हणजे इथलं पॅन समजा, फक्त पॅनपेक्षा कैकपट चिकट. १९७३ च्या कायद्याने आला तो करासाठी, आता त्याच्याशिवाय इथे पान हलत नाही. खोली भाड्याने घ्यायची, कोड. सिमकार्ड, कोड. वीज, विद्यापीठाची फी, डॉक्टर, जिम, सगळीकडे कोड. औषधाच्या दुकानात डोकेदुखीची गोळी घेतली तरी काउंटरवरची बाई कोड मागते, का तर खर्च करात दाखवता येतो. आणि तो देण्याचा अधिकार फक्त करखात्याचा, म्हणजे आजेन्झिया देल्ले एन्त्रातेचा. एक फॉर्म असतो, एए-चार-बटा-आठ नावाचा, तो भरायचा, सोबत पासपोर्ट. शुल्क शून्य. मुंबईच्या इटालियन वकिलातीतूनही मागता येतो. शून्य म्हणजे शून्य, चहापाणी पण नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग त्या दादाने काय केलं? त्याने इंटरनेटवरच्या फुकट कॅल्क्युलेटरमध्ये पोरीचं नाव टाकलं, बटण दाबलं, प्रिंट काढली. बस. कारण हा कोड हिशेबाने बनतो. आडनावातली तीन व्यंजनं, मग नावातली तीन, जन्मवर्षाचे दोन आकडे, महिन्याचं एक अक्षर, तारीख, जन्मगावाचा कोड आणि शेवटी पडताळणीचं एक अक्षर. बाईमाणूस असेल तर तारखेत चाळीस मिळवायचे. माझा जन्म ९ ऑक्टोबरचा, तर सोळा वर्षं मी या देशात ४९ तारखेला जन्मलेली आहे. आधार नंबरवरून तुमच्याबद्दल ढिम्म काही कळत नाही, हा कोड मात्र वाचता येणारा कुणीही तुमचं वय सांगतो. जिममधला पोरगाही. जन्मगावाचं तर विचारूच नका. रोममध्ये जन्मला तर एच-५०१, मिलानमध्ये एफ-२०५, प्रत्येक गावाला आपला कोड. आपण सातारा असो, सांगली असो की गुवाहाटी, सगळे झेड-२२२. अख्खा भारत एका खोलीत.

पण खरी गोम नावात आहे, आणि तीच कुणी सांगत नाही. नाव म्हणजे नक्की काय, ते आपल्याला सांगायला लागत नाही ना? रेवती. झालं. पण माझा पासपोर्ट काढा. आडनावाच्या रकान्यात आडनाव आणि नावाच्या रकान्यात ‘रेवती माधव’. महाराष्ट्रातल्या अर्ध्या पासपोर्टांची हीच गत, बाप किंवा नवरा नावाच्या रकान्यात जाऊन बसलेला असतो. इटालियन माणसाच्या दृष्टीने तुमचं नावच ‘रेवती माधव’, जसं त्यांच्याकडे एखादीचं मारिया ग्राझिया असतं. नियम असा, की नावात तीनच व्यंजनं असतील तर तीनही घ्यायची, पण चार किंवा जास्त असतील तर पहिलं, तिसरं आणि चौथं. नुसत्या रेवतीचं होतं आर-व्ही-टी. रेवती माधवचं होतं आर-टी-एम.

हे मला २००९ साली माहीत नव्हतं.

तेव्हा मोबाईलच्या दुकानातल्या पोराने सिमकार्ड देताना स्वतःच कॅल्क्युलेटरवर माझा कोड काढला. पासपोर्ट नीट न बघता, मी तोंडाने सांगितलेल्या नावावरून. आर-व्ही-टी. मी तो कागद जपून ठेवला, खोलीच्या करारावर तोच लिहिला, विद्यापीठातही तोच दिला. महिन्याने करखात्याचा खरा कागद आला, त्यावर आर-टी-एम. मला वाटलं तेच चुकले. चक्क दुर्लक्ष केलं! मग बँकेने खरा कोड घेतला, विद्यापीठाकडे खोटा, आणि माझी शिष्यवृत्ती कागदावरच्या या दोन वेगळ्या बायकांच्या मधे अडकली. अकरा आठवडे. अकरा आठवडे मी भात, मसूर आणि उधारीवर काढलेत. ती सांगलीची मुलगी रडताना मला तो मसूरच दिसत होता डोळ्यांसमोर.

म्हणून मला त्या दादाचा एवढा राग आलाय. त्याला हे माहीत आहे हो! तो दहा-बारा वर्षं इथे आहे, त्याचंही कधीतरी अडकलं असेलच. माहीत असलेली गोष्ट आल्या आल्या पोरांना दोन वाक्यांत सांगायची की तिचा धंदा करायचा? आणि करायचाच तर नीट तरी कर. पोरीचा पासपोर्ट हातात घेऊन वडिलांचं नाव गाळलंस तू.

बरं, त्याची बाजू. लोक रात्री-अपरात्री फोन करतात, फॉर्म भरून घेतात आणि नंतर ओळखही देत नाहीत. त्याचाही वेळ जातो. मान्य. वेळेचे पैसे घे, ‘वेळेचे’ म्हणून घे. कोडाचे म्हणून घेऊ नकोस.

आणि इटलीला शिव्या घालायला मी बसलेच होते खरं तर. पोस्टची सुरुवात तशीच सुचली होती. कराराला कोड हवा, खात्याला कोड हवा, कोडासाठी अपॉइंटमेंट हवी, अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यातली. त्यात आल्यापासून आठ कामाच्या दिवसांत पोस्टात जाऊन पेर्मेस्सोचा, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचा, लिफाफा भरायचा, त्यावर सोळा युरोंचा मार्का दा बोल्लो डकवायचा, तो तंबाखूच्या दुकानात मिळतो. हो, सरकारी तिकीट सिगारेटींच्या शेजारी. आपल्याकडे स्टॅम्प पेपरवाला निदान कचेरीच्या दारात बसतो.

पण लिहिता लिहिता २००९ आठवलं आणि करखात्याच्या खिडकीवरच्या त्या बाई आठवल्या.

बाबा साताऱ्याला तहसील कचेरीत कारकून होते, आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला. मी फोनवर रडत सांगितलं की बाबा, तुमच्या ‘एम’मुळे माझे पैसे अडकलेत. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत. आयएसडीचं मीटर चालू होतं, मला धडधड. मग म्हणाले, “त्या बाई जेवायला किती वाजता उठतात?” मी म्हटलं, साडेबारा असेल. “मग बाराला जाऊ नकोस. सकाळी पहिली जा, कागद क्रमाने लाव, आणि चूक त्यांची आहे असं म्हणू नकोस. माझं कुठे चुकलं ते बघता का, असं विचार.”

गेले तशीच. बाईंनी पासपोर्ट पाहिला, दोन्ही कागद पाहिले, मग एका कोऱ्या कागदावर माझं नाव मोठ्या अक्षरांत लिहून एकेक व्यंजन पेनने गोल केलं. शाळेतल्या बाईंसारखं. माधवच्या ‘एम’शी आल्यावर विचारलं, हे कोण? मी म्हटलं, बाबा. “आ, इल पापा,” म्हणाल्या आणि हसल्या. नवा दाखला छापून दिला, हा विद्यापीठात न्या, हा घरमालकाला, म्हणाल्या. वीस मिनिटं. पैसे काही नाहीत. म्हणजे खिडकीच्या आत माणूस बसलेला असतो, हे मला साताऱ्याहून फोनवर कळलं होतं.

बाबा २०१७ मध्ये गेले. नंतर लग्न झाल्यावर पासपोर्टवर नाव बदलायचं का हा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांनी व्यवहार सांगितला. इथे बायका लग्नानंतरही सगळ्या सरकारी कागदांवर माहेरच्याच नावाने राहतात, बदललंस तर सगळे कागद परत करत बसशील. माझ्या एका मैत्रिणीने बदललं होतं, तिचे दोन कोड जुळवता जुळवता दीड वर्ष गेलं. व्यवहार बरोबरच होता. पण खरं सांगू, मी व्यवहार म्हणून नाही बदललं. औषधाच्या दुकानात कोड सांगताना दर वेळी तो ‘एम’ तोंडात येतो. एवढंच.

असो. डोळे पुसून पुन्हा रागावते.

तर नवीन येणाऱ्यांनो, आणि ज्यांची मुलं येणार आहेत त्या काका-काकूंनो. पासपोर्टवर जे छापलंय तेच तुमचं नाव. घरी काय म्हणतात, दहावीच्या दाखल्यावर काय आहे, ते विसरा. कुठल्याही वेबसाईटने काढलेला कोड कुठेही लिहू नका, सिमकार्डासाठी पण नाही. आडनाव ओक असेल तर कोडात के-ओ-ए येईल आणि पोराचं पासपोर्टवरचं नाव नुसतं ओम असेल तर एम-ओ-एक्स, घाबरू नका, अक्षरं कमी पडली की ते आधी स्वर घेतात, तेही संपले की एक्स लावतात. दोन माणसांचा कोड तंतोतंत जुळला तर आकड्याच्या जागी अक्षर टाकतात, तेही खरंच असतं. आणि खरा कागद करखात्याकडूनच येतो. कुणी पैसे मागितले तर मला इनबॉक्स करा. इथल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना हे माहीत आहे आणि जे गप्प बसतात, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. दिवाळीला एकत्र चकल्या खातो आपण.

पोरगी आत्ता आतल्या खोलीत झोपलीय. तिच्या पासपोर्टच्या दोन झेरॉक्स काढल्यात, कागद क्रमाने लावलेत. उद्या साडेसातला निघायचंय, पहिला नंबर लागला पाहिजे.

एडिट : सात जणांनी इनबॉक्समध्ये त्या दादाचं नाव विचारलंय. देणार नाही. तो माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे, मघाशी पोस्ट वाचून त्याने लाईकही केलाय. लाईक नको रे. पोरीचे नव्वद परत कर.